डाग, तुकडा आणि चार मिलिमीटर

सोनोग्राफीच्या अहवालात एक ओळ असते. ‘एंडोमेट्रियल थिकनेस’ किंवा नुसतंच ‘ईटी’, आणि पुढं मिलिमीटरमधला आकडा. मुरूडहून किंवा रेवदंड्याहून एसटीनं अलिबागला आलेल्या, पाळी जाऊन सहा-सात वर्षं झालेल्या बाईच्या हाती तो कागद पडतो. कागद सगळा इंग्रजीत. सोबतची लेक नाहीतर सून तो पुन्हा पुन्हा वाचते. आकडा चार किंवा त्याहून कमी असला तर डॉक्टर बहुधा धीर देऊन घरी पाठवतात. जास्त असला तर म्हणतात, “पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू.” त्या बाईचे पुढचे दिवस कसे जाणार, हे त्या एका आकड्यावर ठरतं.

हा आकडा आला कुठून? त्याचा माग काढत गेलं की वाट पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना, ग्लासगो अशी फिरून पुन्हा या किनाऱ्यावर येते. त्या वाटेवर मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. हत्यारं बदलली, यंत्रं बदलली, पण प्रत्येक टप्प्याच्या आरंभी एक बाई उभी आहे. आपल्याला डाग लागल्याचं तिनं कुणाला तरी सांगितलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

सांगणं हीच मोठी अडचण होती आणि आहे. ‘गर्भाशय’ हा शब्द पुस्तकातला. बोलताना ती ‘पिशवी’. पाळी ‘जाते’, आणि ती गेली की बाई मोकळी होते. बाजूला बसणं संपलं, शिवाशिव संपली, देवाधर्माचं करायला आडकाठी उरली नाही. म्हणून पुन्हा डाग दिसला की भीतीच्या आधी संकोच येतो. या वयात हे काय, कुणाला सांगायचं? डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई म्हणते, दगदगीनं गेलं असेल. दुसरी म्हणते, उष्णतेनं. दवाखान्यात गेलीच तर ‘अंगावर जातंय’ एवढंच सांगते. लाल जातंय की पांढरं, हे डॉक्टरांना खोदून विचारावं लागतं.

आपल्या जुन्या वैद्यांना पाळीचं वय ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत ती बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असं सांगितलं आहे. अवेळी किंवा अती जाणाऱ्या रक्ताला ‘असृग्दर’ असं नाव होतं. पुढं ‘रक्तप्रदर’ हा शब्द रूढ झाला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात योनीतला व्रण पाहण्याचं एक यंत्र आहे. लांबी सोळा अंगुळं, मधून पोकळ, चार पात्यांचं. मिटलेलं असताना तोंड कमळाच्या कळीसारखं आणि मुळाशी दाब दिला की कळी उमलते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीतही अशीच पाती उघडणारी धातूची यंत्रं सापडली. दोन्हीकडच्या कारागिरांना एकच सुचलं होतं, आणि दोन्हीकडची नजर एकाच जागी अडत होती. पिशवीचं तोंड दिसायचं. तोंडाच्या आत अंधार.

त्या अंधारात खरवडण्याचं हत्यार घातलं पॅरिसच्या जोसेफ रेकामिए या डॉक्टरांनी, १८४० च्या दशकात. लांब दांड्याच्या टोकाला लहानसा चमचा, अशी त्याची घडण. फ्रेंचमध्ये ‘क्युरे’ म्हणजे खरवडून साफ करणं, त्यावरून या हत्याराचं नाव ‘क्युरेट’ पडलं. आपल्याकडं आजही बायका ‘क्युरेटिंग झालं’ किंवा ‘पिशवी साफ केली’ म्हणतात, तेव्हा त्या नकळत रेकामिए यांचाच शब्द वापरत असतात. मात्र त्यांना निदान करायचं नव्हतं. आतल्या मांसल वाढी खरवडून रक्त थांबवायचं होतं. भूल देण्याची आणि हत्यारं निर्जंतुक करण्याची पद्धत अजून आली नव्हती. पिशवीला भोक पडून, जंतू शिरून बायका दगावतही.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या माँटगोमेरी गावात मॅरियन सिम्स यांनी वाकवलेल्या चमच्यावरून एक नवं यंत्र बनवलं. ‘सिम्स स्पेक्युलम’ आज जिल्ह्यातल्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात ट्रेमध्ये ठेवलेलं असतं. ते ज्या बायकांवर घडवलं गेलं त्या गुलाम होत्या. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही त्यांच्यातली तीन नावं इतिहासात उरली आहेत. त्यांच्यावर पुन्हा पुन्हा, भूल न देता शस्त्रक्रिया झाल्या, आणि नको म्हणण्याचा हक्क त्यांना नव्हता. या मागोव्यात त्यांची नावं घेणं मला आवश्यक वाटतं.

खरवडता आलं तरी दिसत नव्हतं. जर्मनीतल्या फिलिप बोझिनी यांनी १८०६ मध्ये मेणबत्तीचा उजेड नळीवाटे शरीरात सोडण्याची युक्ती मांडली होती. फ्रान्समध्ये देझोर्मो यांनी १८५३ मध्ये त्यात दिवा आणि भिंग बसवलं. तीच जातकुळी पुढं नेत १८६९ साली पांतालिओनी नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पिशवीच्या पोकळीत डोकावून पाहिलं. ज्या बाईची त्यांनी तपासणी केली ती साठ वर्षांची होती. तिचं रक्त कुठल्याच उपचारानं थांबत नव्हतं. आत त्यांना एक मांसल गाठ, म्हणजे पॉलिप दिसला आणि सिल्व्हर नायट्रेट लावून त्यांनी तो जाळला. दुर्बिणीतून पिशवी पाहण्याचा, आजच्या हिस्टेरोस्कोपीचा, जन्म असा पाळी गेलेल्या बाईच्या रक्तस्रावातूनच झाला. तिचं नाव कुणी नोंदवलं नाही.

पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची. बर्लिनमध्ये कार्ल रुगे आणि योहान फाइट यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस, खरवडून निघालेला तुकडा फेकून न देता काचेखाली पाहावा, असा आग्रह धरला. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आणि पिशवीच्या अस्तराचा कर्करोग हे दोन निरनिराळे रोग आहेत, हे याच कामातून स्पष्ट होत गेलं. ‘तुकडा तपासायला पाठवणं’ तेव्हापासूनचं.

पण नीरोगी अस्तर कसं दिसतं, हेच तोवर कुणाला नीट माहीत नव्हतं. १९०८ मध्ये व्हिएन्नात हिट्शमान आणि आडलर यांनी दाखवून दिलं की अस्तर महिनाभर सारखं नसतं. पाळी संपली की ते पातळ असतं, मग वाढतं, फुगतं आणि पुढच्या पाळीत गळून जातं. त्याआधी डॉक्टर ज्याला पिशवीची सूज म्हणून नाव देत आणि उपचार करत, त्यातलं पुष्कळसं महिन्याच्या त्या त्या दिवसाचं नैसर्गिक रूप होतं. चार मिलिमीटरच्या आकड्याची मुळं इथं आहेत. अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन बीजकोशातून येतं. पाळी गेली की तो पुरवठा आटतो, आणि मग अस्तर पातळच राहायला हवं. तरीही ते जाड दिसत असेल तर त्याला काहीतरी कारण आहे.

हे ज्ञान युरोपात आकार घेत असताना आपल्या किनाऱ्यावर पहिला प्रश्न निराळाच होता: बाईनं सांगायचं कुणाला? पुरुष डॉक्टरसमोर ती तोंड उघडत नव्हती, तपासून घेणं तर दूरच. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे लग्नानंतरचे काही दिवस अलिबागला गेले, कारण पती गोपाळरावांची बदली तिथं झाली होती. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयात बोलताना, हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्षही पुरं होण्याआधी, क्षयानं गेल्या. त्यांच्या पदवीच्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय उघडलं. तिथं बायकांना तपासणाऱ्या डॉक्टर बायकाच होत्या.

या रुग्णालयाशी रायगडच्या किनाऱ्याचं आणखी एक नातं आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असं बेने इस्रायल समाज मानतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणून हा समाज किनाऱ्यावरच्या गावांत ओळखला जाई. याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड लंडनला जाऊन १९१९ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाल्या, आणि १९२८ ते १९४७ या काळात त्यांनी कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठं काम प्रसूत मातांच्या मृत्यूंवर होतं. पण बाईनं आपला आजार बाईजवळ बोलावा, ही जी सवय त्या पिढीनं लावली, तिच्याशिवाय पिशवीच्या अस्तराचं निदान इथं रुजलंच नसतं.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. डॉ. वसंत खानोलकरांनी तिथं कर्करोगाच्या पॅथॉलॉजीचा पाया घातला, म्हणजे तुकडा वाचणारे डोळे घडवले. १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि कोणता कर्करोग किती जणांना होतो, हे अंदाजावर न राहता मोजलं जाऊ लागलं. आपल्याकडं पिशवीच्या तोंडाचा कर्करोग फार मोठा आणि अस्तराचा त्या मानानं कमी, हे त्या नोंदींतून दिसत आलं. म्हणून शिबिरं, तपासण्या, प्रचार सगळं तोंडाच्या कर्करोगाभोवती उभं राहिलं, आणि ते योग्यच होतं.

मात्र त्यातून एक गैरसमज घट्ट झाला. पापानिकोलाउ आणि ट्राउट यांचं योनिस्रावाच्या तपासणीवरचं पुस्तक १९४३ मध्ये आलं आणि ‘पॅप’ हे नाव जगभर गेलं. ही तपासणी पिशवीच्या तोंडासाठी उत्तम आहे. अस्तरातला रोग तिच्यात पुष्कळदा दिसतच नाही. तरी शिबिरातला कागद दाखवून बाई म्हणते, “माझं पॅप नॉर्मल आलंय,” आणि लागलेला डाग विसरते. पिशवीचं तोंड आणि पिशवीचं अस्तर यांची तपासणी वेगवेगळी असते. बर्लिनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी स्पष्ट झालेला हा फरक अजून आपल्या घरांपर्यंत पोचलेला नाही.

अस्तरासाठी दीर्घकाळ एकच उपाय होता, क्युरेटिंग. भूल द्यायची, तोंड रुंदावायचं, अंदाजानं खरवडायचं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनं काढलेल्या पिशव्या उघडून पाहिल्या, त्याआधी केलेलं क्युरेटिंग कुठवर पोचलं होतं ते तपासलं. दहापैकी सहा पिशव्यांमध्ये निम्म्याहून कमी भाग खरवडला गेला होता. न बघता केलेल्या कामाची मर्यादा तिथं उघडी पडली. १९८४ मध्ये फ्रान्सच्या कॉर्निए यांनी ‘पिपेल’ नावाची प्लास्टिकची बारीक नळी आणली. जाडी साधारण तीन मिलिमीटर, आत दट्ट्या. तो ओढला की अस्तराचा थोडा भाग आत येतो. भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होतं, पाळीसारखी कळ येते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. पॉलिपसारखी एकाच जागची गाठ मात्र या नळीला चुकू शकते. तिथं पांतालिओनी यांच्या दुर्बिणीचं आजचं रूप कामी येतं. आत पाहून नेमका तिथलाच तुकडा घेता येतो.

आता आकड्याकडं येऊ. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या मोठ्या मासेमारी बोटींवर ‘फिश फाइंडर’ असतो. तो पाण्यात आवाज सोडतो आणि माशांच्या थव्यावरून, तळावरून परतलेला प्रतिध्वनी पडद्यावर उमटवतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याच्या धडपडीतून ही विद्या वाढली. हवाई दलात काम करताना इयन डोनाल्ड या स्कॉटिश डॉक्टरांची या तंत्राशी ओळख झाली होती. ग्लासगोजवळच्या एका बॉयलर कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला असंच प्रतिध्वनीचं यंत्र वापरत. डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तिथं नेऊन तपासल्या आणि १९५८ मध्ये आपला शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापला. आज सोनोग्राफी म्हटलं की पोटुशी बाई डोळ्यांपुढं येते. या तंत्राची सुरुवात मात्र बायकांच्या पोटातल्या गाठी ओळखण्यापासून झाली.

१९८० च्या दशकात योनीमार्गातून तपासणारं उपकरण आलं. डॉक्टर ज्याला ‘आतून सोनोग्राफी’ म्हणतात ती हीच. पिशवीच्या जवळून पाहिल्यामुळं अस्तराची जाडी मिलिमीटरपर्यंत मोजता येऊ लागली. पुढचा आणि मागचा असे दोन्ही थर मिळून ही जाडी धरतात. १९९५ मध्ये नॉर्डिक देशांतल्या डॉक्टरांनी पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या १,१६८ बायकांची आधी जाडी मोजली आणि मग प्रत्येकीचं क्युरेटिंग केलं. ज्यांचं अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ होतं, त्यांच्यात एकीलाही कर्करोग निघाला नाही. १९९८ मध्ये ३५ अभ्यासांतल्या ५,८९२ बायकांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हाही पातळ अस्तराचा दिलासा कायम राहिला. चार मिलिमीटर हा आकडा असा हजारो बायकांच्या तपासणीतून आला आहे.

त्या आकड्याच्या मर्यादाही त्याच बायकांनी शिकवल्या. तो डाग लागलेल्या बाईसाठी आहे. दुसऱ्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत, कधीच डाग न लागलेल्या बाईचं अस्तर पाच-सहा मिलिमीटर दिसलं, तर तेवढ्यानं घाबरण्याचं कारण नसतं. तिच्याबाबतीत डॉक्टर बाकीच्या गोष्टी पाहून ठरवतात. उलट अस्तर पातळ असूनही रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर आकड्यावर न थांबता तुकडा घ्यावा लागतो, कारण कर्करोगाचे काही जहाल प्रकार पातळ अस्तरातही असतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईच्या अस्तराची जाडीही फसवी असते. तिला डाग लागला तर तुकडाच पाहतात.

तुकडा पाहिल्यावर काय कळतं? बहुतेक जणींमध्ये अस्तर नुसतं झिजलेलं, कोरडं निघतं. काहींत पॉलिप असतो. काहींत अस्तर वाढलेलं असतं, त्याला हायपरप्लासिया म्हणतात. १९७५ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवलं की नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गोळ्या न घेताही शरीरातली चरबी इस्ट्रोजेन तयार करत राहते. म्हणून लठ्ठपणा आणि त्याच्या जोडीनं येणारा मधुमेह यांचं या रोगाशी नातं आहे. १९८५ मध्ये कुरमन आणि सहकाऱ्यांनी वाढलेलं अस्तर असलेल्या १७० बायकांचा, तशाच राहू दिल्यावर पुढं काय झालं, याचा मागोवा छापला. साध्या वाढीत कर्करोग झाला सुमारे एक टक्का बायकांना. वाढ गुंतागुंतीची आणि पेशींचं रूपही बिघडलेलं, अशांत सुमारे २९ टक्के. सोनोग्राफीत दोघींचं अस्तर सारखंच जाड दिसू शकतं. एकीला गोळ्यांनी बरं वाटेल, दुसरीला शस्त्रक्रिया लागेल. हा फरक फक्त तुकड्यात दिसतो.

म्हणूनच या इतिहासाची एक फांदी मला फार अस्वस्थ करते. “पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल” हे वाक्य महाराष्ट्रात किती बायकांनी ऐकलं असेल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांबाबत डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी साडेतेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पुष्कळ जणींचं पाळी जायचं वयही झालेलं नव्हतं. रेकामिए यांच्यापासून कॉर्निए यांच्यापर्यंतच्या दीडशे वर्षांनी एवढंच शिकवलं होतं की आधी पाहा, मोजा, तुकडा तपासा आणि मग ठरवा. ते गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली गेली. एकीकडं डाग लपवणारी बाई आणि दुसरीकडं न तपासता पिशवी काढलेली बाई, दोघींच्याही वाट्याला निदान आलेलं नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरून निदानापर्यंतची वाट आता पूर्वीइतकी लांब नाही. एके काळी मोठं रुग्णालय गाठायचं तर खाडी आणि समुद्र ओलांडून मुंबईलाच जावं लागे, आणि आजही पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. पण आता अलिबागला जिल्हा रुग्णालयाच्या जोडीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र याच जिल्ह्यात आहे. श्रीवर्धन, म्हसळ्याच्या बाईला तरीही एक दिवसाची मजुरी किंवा एक दिवसाची मासळी सोडून यावं लागतं. तिच्यासाठी घरच्यांनी तो दिवस काढायला हवा.

२०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एक मोठी बेरीज प्रसिद्ध झाली. पाळी गेल्यावर डाग लागलेल्या दहा बायकांपैकी नऊ जणींना कर्करोग नसतो, आणि अस्तराचा कर्करोग झालेल्या दहापैकी नऊ जणींना आधी डाग लागलेला असतो. पहिल्या आकड्यात धीर आहे, दुसऱ्यात इशारा. सोनोग्राफी नव्हती, दुर्बीण नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, तेव्हाही हा डाग होता. रोगानं दिलेली ती सर्वांत पहिली आणि भरवशाची खूण आहे.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक लेकीला, सुनेला आणि मुलालाही माझं सांगणं आहे. आईला, सासूला, मावशीला एकदा सरळ विचारा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा कधी डाग लागला होता का? लागला असेल तर तो एकदाच लागला, थेंबभरच होता, असं म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडं घेऊन जा. अस्तराची जाडी किती आली ते विचारा. तुकडा घेतला का, आणि घेतला असेल तर त्याचा अहवाल काय आला, ते विचारा. कुणी पिशवी काढायला सांगितली तर तो अहवाल आधी हातात घ्या. पाळी जाऊन बारा महिने उलटल्यावर दिसलेला एकही डाग ‘नेहमीचा’ नसतो.